आधी म्हातारी माणसं

मला लोक दोन कामांसाठी बोलावतात. एक कविता वाचायला आणि दुसरं लग्नाचे फोटो काढायला. कवितेला बोलावतात तेव्हा शाल, नारळ आणि चहा मिळतो. फोटोला बोलावतात तेव्हा इसार मिळतो. घर चाललं ते दुसऱ्या कामावर, हे आधीच सांगून टाकतो. मराठी घेऊन बी.ए. झालो १९९१ साली, नोकरी लागली नाही, आणि तालुक्याच्या गावातल्या एका स्टुडिओत उस्तादांच्या हाताखाली उभा राहिलो. तेव्हापासून लग्नं मोजायची सोडून दिली आहेत.

आज मी बोलणार आहे ते एका जागेबद्दल. पुण्याहून सोलापूरकडे निघालात आणि भिगवण मागे टाकलंत की डाव्या हाताला उसाच्या फडांमागे पाणी चमकायला लागतं. ते उजनीचं पाणी. भीमेवरचं हे धरण १९८० साली पूर्ण झालं. काठोकाठ भरलं की ११७ टीएमसी पाणी धरतं. भिंत तिकडे माढा तालुक्यात, पण फुगवटा इकडे इंदापूर, करमाळा, दौंडपर्यंत पसरलेला. थंडीत या पाण्यावर रोहित पक्षी उतरतात, ते पाहायला पुण्या-मुंबईची मंडळी येतात आणि जाताना मासे खाऊन जातात.

या पाण्याच्या कडेला एक छोटं हॉटेल आहे. आधी नुसता मासे-भाकरीचा ढाबा होता. २००३ च्या सुमाराला मालकानं आठ खोल्या बांधल्या, पुढे पाण्यापर्यंत लॉन केलं आणि मोठ्या हौसेनं पाटी लावली, ‘कंट्री इन’. पहिल्याच लग्नाच्या पत्रिकेत विवाहस्थळ म्हणून तेच छापून गेलं. नवऱ्या मुलाचे आजोबा माळकरी. त्यांनी व्याह्यांना निरोप पाठवला, ‘पोराचं लग्न कंट्रीच्या गुत्त्यावर लावणार असाल तर आम्ही येत नाही.’ आपल्याकडे कंट्री म्हणजे काय ते सगळ्यांना ठाऊक. शेवटी मालक स्वतः मोटारसायकलवर जाऊन आजोबांना जागा दाखवून आला. दुसऱ्या दिवशी पाटीखाली ठळक मराठीत लिहून घेतलं, ‘निवास, शाकाहारी भोजन व मंगल कार्य’. पाटी अजून तशीच आहे, गावाच्या तोंडीही जागेचं नाव ‘कंट्री’च आहे.

तिथल्या बहुतेक लग्नांचे फोटो मी काढत आलो. पाण्याकाठचं लग्न दिसायला सुंदर, पण फोटोवाल्याची परीक्षा पाहणारं. मागे एवढं लख्ख पाणी असलं की कॅमेऱ्याचं मीटर त्यालाच भुलतं. मीटर म्हणतं, उजेड भरपूर आहे, काच बारीक कर. आपण ऐकलं की पाणी छान येतं आणि नवरा-नवरी कोळशासारखी. उस्ताद म्हणायचे, ‘पाण्याचं ऐकू नको, चेहऱ्याचं ऐक.’ म्हणून मी जवळ जाऊन उजेड मोजायचो, माणसांच्याच उजेडात आपला तळहात धरून. भर दुपारच्या मुहूर्ताला तर उन्हातसुद्धा फ्लॅश मारावा लागतो, नाहीतर मुंडावळ्यांची सावली डोळ्यांवर पडते. माझा पेंटॅक्स सेकंदाच्या साठाव्या भागाहून वेगात फ्लॅश घेत नसे, उन्हात तो निरुपयोगी. पण उस्तादांनी दिलेला जुना दोन भिंगांचा याशिका कुठल्याही वेगाला फ्लॅश घ्यायचा. म्हणून सगळ्यांनी नवे कॅमेरे घेतले तरी मी दुपारच्या लग्नांना तोच डबा गळ्यात अडकवून जायचो. त्यात वरून खाली बघावं लागतं आणि चित्र उलटं दिसतं, डावीकडचा माणूस उजवीकडे. नवरी इकडे सरकवायची तर मी तिकडे सरकवायचो. भटजी हसायचे. एका रोलवर फोटो निघायचे बारा.

पाण्याचं दुसरं एक आहे. ते एका जागी राहत नाही. तुळशीचं लग्न लागलं की आपली लग्नं सुरू होतात, तेव्हा पाणी लॉनच्या पायरीला लागलेलं असतं. पौष, माघ, फाल्गुन करत ते मागे सरकतं आणि वैशाखातल्या दाट तिथींना पाहावं तर अर्धा मैल भेगाळलेला गाळ आणि पलीकडे पाण्याची पट्टी. सूर्यही जागा बदलतो. मे महिन्यात तो पाण्याच्या बाजूला मावळतो, गोरज मुहूर्ताला सोनं करून टाकतो. डिसेंबरात मागच्या उसात बुडतो. त्यात उन्हाळ्यात पाण्यावर हिरवी साय धरते, वर पुण्या-चिंचवडचं सांडपाणी येतं त्याची ती करामत. अल्बममध्ये ती हिरवाई मोठी छान दिसते. वास फोटोत येत नाही एवढंच.

मला दोन पंचांगं सांभाळावी लागतात. एक तिथीचं, दुसरं चांदचं. मुहर्रमच्या महिन्यात आणि रमजानमध्ये आमच्याकडे लग्नं धरत नाहीत, आणि हे महिने दर वर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे येतात. एखाद्या वर्षी रमजान नेमका लगीनसराईत येतो, मग दिवसभर रोजा धरून जिलब्यांच्या ताटांचे फोटो काढायचे. ‘कंट्री’तला आचारी मग आठवणीनं माझ्यासाठी सूर्यास्ताला खजूर आणि वाटीभर शिरा बाजूला ठेवायचा.

निकाहच्या फोटोंची अडचण वेगळी. पुरुषांच्या बाजूला काझीसाहेब, नवरा, साक्षीदार, सगळं मला काढता येतं. पण नवरी आत बायकांत असते. वकील आणि साक्षीदार तिच्याकडे जाऊन तिची रजामंदी विचारतात, ती ‘कबूल’ म्हणते, सही करते, आणि लग्नातला हा सगळ्यात मोठा क्षण माझ्या कॅमेऱ्याला बंद. काही वडीलधाऱ्यांना तर मुळात तसबीरच नको असते, त्यांच्या भावनेचा मान ठेवून मी त्यांच्याकडे कॅमेरा वळवत नाही. पण पोरींना फोटो हवे असायचे. १९९८ साली मी बायकोला कॅमेरा शिकवला. महिनाभर तिनं घरातल्या कोंबड्यांवर रोल वाया घालवले. मग अशी तयार झाली की बायकांच्या बाजूचे तिचे फोटो पाहून लोक म्हणायचे, हे आधी दाखवा. पुढे हिंदू घरांतूनही हळदीसाठी तिलाच बोलावणं यायला लागलं. हळद लागताना बाया मोकळेपणानं हसतात, गातात, रडतात; तिथं परका पुरुष उभा राहिला की सगळ्या पदर सावरत गप्प होतात. हे मला सात वर्षं कळलं नव्हतं.

आणि मी कवी आहे हे लोकांना कळल्यावर मंगलाष्टकं लिहून द्यायचं कामही आलं. मंगलाष्टकं शार्दूलविक्रीडितात. एकोणीस अक्षरं, म स ज स त त ग, बी.ए.ला घोकलेलं कुठं तरी कामाला आलं. दोन्ही घरांची नावं, आजोळची नावं, भीमामाईचं नाव बसवायचं. पहिल्यांदा लिहिली तेव्हा भीत भीत भटजींच्या हातात कागद दिला. त्यांनी ओठांतल्या ओठांत म्हणून पाहिलं आणि म्हणाले, ‘खांसाहेब, सगळं ठीक, पण तिसऱ्या ओळीत यती चुकली. बाराव्या अक्षरावर थांबायचं असतं, तुम्ही अकराव्यावर धाप टाकलीत.’ तिथंच उभ्या उभ्या दोघांनी मिळून ओळ दुरुस्त केली. त्या दिवशी ते माईकवर माझे शब्द गात होते आणि मी स्टुलावर चढून अंतरपाट खाली यायची वाट बघत होतो. अंतरपाट एकदाच खाली येतो. शेवटचं ‘सावधान’ नवरा-नवरीला असतं, पण खरं सावध राहावं लागतं फोटोवाल्यानं.

हे सगळं मी रंगवून सांगतोय, पण मला जे सांगायचं आहे ते एका न काढलेल्या फोटोबद्दल आहे.

२००४ सालचा वैशाख. ‘कंट्री’त एका शेतकरी घरातलं लग्न होतं, गोरज मुहूर्ताचं. पाणी फार खाली गेलं होतं. मी लॉनवर घाईत होतो, कारण सूर्य बुडायच्या आत जोडप्याचे पाण्याकडचे फोटो घ्यायचे होते. तेवढ्यात कुणीतरी माझा शर्ट ओढला. नवरीची आजी. नऊवारी, कपाळावर गोंदण, हातात काठी. म्हणाली, ‘बाबा, माझा येक फोटू काढ की.’ मी म्हटलं, ‘बसा आजी, इथंच खुर्चीवर काढतो.’ ती म्हणाली, ‘हितं न्हाय. तितं.’ आणि काठीनं तिनं गाळाकडे दाखवलं. ‘त्यो दगडाचा ढीग दिसतोय न्हवं, त्येच्या अलीकडं माझं घर व्हतं. तितं हुबी ऱ्हाते.’

मी पाहिलं. भेगाळलेल्या गाळातून जाऊन यायला अर्धा तास तरी लागणार. सूर्य चार बोटं उरलेला. पिशवीत दोन रोल शिल्लक. आणि फोटोमागे खर्च असायचा हो तेव्हा, रोल, धुलाई, प्रिंट. आजींच्या फोटोचे पैसे कोण देणार, हेही मनात आलं, खोटं कशाला बोलू? मी म्हणालो, ‘आजी, जेवणं होऊ द्या, मग काढू.’ ती ‘बरं’ म्हणाली. इतकंच. हट्ट केला नाही.

जेवणं झाली तेव्हा अंधार पडला होता. रोलवर शेवटचे दोन फोटो उरले होते, तेवढ्यात एक पुढारी आशीर्वाद द्यायला आले, ते दोन त्यांच्यावर गेले. आजी वऱ्हाडाच्या टेम्पोत बसून गेल्यासुद्धा.

दिवाळीच्या आधी नवरीचा भाऊ माझ्याकडे आला. आजी वारल्या होत्या. भिंतीवर लावायला फोटो हवा होता. म्हणाला, ‘चाचा, लग्नात तुम्ही आजीचा काढला असेल ना?’ मी निगेटिव्ह काढल्या, उजेडावर धरून एकेक पाहिली. बारा रोल. आजी फक्त एका फोटोत होत्या. समोर करवल्या हसतायत आणि मागे, लॉनच्या अगदी कडेला, काठी टेकून एक बाई उभी आहे. आमच्याकडे पाठ. तोंड गाळाकडे. चेहरा नव्हताच, तर मोठा कशाचा करणार? शेवटी त्या पोरानं मतदानाच्या ओळखपत्रावरचा फोटो मोठा करून घेतला. ओळखपत्रावर माणूस कसा दिसतो ते तुम्हाला माहीत आहे. भिंतीवर आजी आजही तशाच आहेत, सरकारी उजेडात दचकलेल्या.

मला याचं एवढं का लागावं, असं तुम्ही म्हणाल. त्याचं कारण आहे. त्याच पाण्याखाली माझंही गाव आहे.

गाव उठलं तेव्हा मी सहा-सात वर्षांचा होतो. आमचं घर, मशिदीजवळचा चिंचेचा पार, आणि ओढ्याच्या कडेचं कबरस्तान जिथं माझे दादा, म्हणजे वडिलांचे वडील, झोपले होते. घराची लाकडं, पत्रे, दारं लोकांनी बैलगाड्यांत घालून नव्या गावठाणात नेली. देवळातले देव वाजतगाजत नेले. कबरी कुणाला नेता येतात? अब्बा शेवटच्या दिवशी तिथं जाऊन आले आणि पुढे कधी त्याबद्दल बोलले नाहीत. आमच्या अम्माचं लग्न त्याच गावात लागलं, साठीच्या दशकात. तिच्या लग्नाचा एकही फोटो नाही. फोटोवाला तेव्हा गावात यायचा नाही आणि आला असता तर पैसे नव्हते. म्हणजे त्या आजीला गाळाकडे काठी दाखवताना काय वाटलं असेल, हे त्या लॉनवर जर कुणाला कळायला हवं होतं तर मला. आणि मीच म्हणालो, जेवणं होऊ द्या.

त्यानंतर मी एक नियम केला. लग्नघरी गेलो की पहिला फोटो नवरा-नवरीचा नाही, मुहूर्ताच्या नारळाचाही नाही. घरातलं सगळ्यात म्हातारं माणूस कोण, ते विचारायचं. त्यांना विचारायचं, ‘कुठं उभं राहायचं तुम्हाला?’ ते म्हणतील तिथं जायचं. या फोटोचे पैसे घ्यायचे नाहीत. आधी मालकाला हे आवडलं नाही, कार्यक्रमाला उशीर होतो म्हणून. मग एकदा त्याच्याच आईचा काढला, तेव्हापासून तो स्वतः खुर्ची घेऊन येतो.

२००६ साली मी डिजिटल कॅमेरा घेतला आणि रोल संपायची भीती गेली. आता तर काय, एका लग्नात हजारो फोटो निघतात, वर ड्रोन फिरतो, लग्नाआधी जोडप्याचं वेगळं शूटिंग असतं. मी पाण्यावरच्या रोहितांच्या थव्यावर ड्रोन घालू देत नाही, पाखरं उठतात. आणि होडीतले फोटो अंगात जीवरक्षक जाकीट असल्याशिवाय काढत नाही. जाकिटानं शालू झाकतो म्हणून पोरी रुसतात. पण २०२४ च्या मे महिन्यात याच पाण्यात कुगाव आणि कळाशीच्या दरम्यान वादळी वाऱ्यात बोट उलटली आणि सहा माणसं गेली. तेव्हापासून मी कुणाशी हुज्जत घालत नाही, नाही म्हणून मोकळा होतो.

पण एक गंमत पाहा. हजारो फोटो निघत असूनही म्हातारी माणसं त्यांत कमीच असतात. ती कोपऱ्यात बसलेली असतात, जेवायला आधी बसवून गाडीत लवकर घालून पाठवलेली असतात. रोल महाग होता म्हणून ती राहून जायची असं मी स्वतःला समजावत होतो. रोल गेला, तरी ती राहतातच.

माझ्याकडे एक वही आहे. त्या म्हाताऱ्या माणसांनी पाण्याकडे बोट दाखवून जे जे सांगितलं, ते मी फोटोच्या नंबरासह त्यात लिहून ठेवतो. कुणी सांगतं, तिथं आमची मोट होती. कुणी सांगतं, तिथं शाळेची घंटा होती. एका आजोबांनी पाण्यात नेमकी जागा दाखवून सांगितलं, ‘इथं माझं लग्न लागलं, मांडव हितपर्यंत होता.’ मागे त्यांच्या नातवाचा मांडव सजत होता. त्या वहीतून माझ्या काही कविता आल्या, पण खरं सांगायचं तर ती वही कवितांहून चांगली आहे.

२०२४ च्या त्याच उन्हाळ्यात धरण फार खाली गेलं. पळसदेवचं पाण्यातलं जुनं देऊळ उघडं पडलं आणि ते पाहायला माणसांची रीघ लागली. मी अम्माला म्हटलं, चल. तिचं वय सत्त्याहत्तर. ‘कंट्री’च्या मालकानं त्याचा ट्रॅक्टर दिला, ट्रॉलीत गादी टाकून आम्ही तिला गाळातून नेलं. गावाच्या खुणा म्हणजे काय, पायाचे दगड, एका विहिरीचं गोल तोंड, आणि चिंचेचं काळं पडलेलं खोड. अम्मा त्या खोडापाशी उभी राहिली, दिशा धरली, आणि बोलत बोलत पावलं मोजल्यासारखी चालत गेली. एका जागी थांबली. तिथं काहीच नव्हतं, सपाट गाळ. म्हणाली, ‘हितंच.’

उजेड उत्तम होता. संध्याकाळचा, तिरपा, तिच्या पांढऱ्या ओढणीवर पडलेला. तीस-बत्तीस वर्षांची सवय, मी कॅमेरा डोळ्याला लावला. अम्मानं माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, ‘कॅमेरा नीचे रख. पैले दुवा कर.’

मी कॅमेरा ट्रॉलीत ठेवला. आम्ही दोघांनी हात उठवले, फातेहा पढलो. ट्रॅक्टरवाला पोरगा टोपी काढून बाजूला उभा राहिला. तोवर सूर्य गेला. मग अम्मा म्हणाली, ‘अब निकाल.’ उजेड नव्हता, पण काढला. चेहरा थोडा काळपट आलाय आणि हात हलल्यामुळे कडा धूसर आहेत. स्टुडिओतला कुठलाही पोरगा तो फोटो बाद करील. मी तो फ्रेम करून घरात लावला आहे.

मित्रहो, आता लगीनसराई येईल. तुमच्या घरी कार्य असेल तर फोटोवाल्याला एवढंच सांगा, आधी घरातल्या म्हाताऱ्या माणसांचे काढ. खुर्चीत बसवून, नावानिशी, एकेकट्याचे. त्यांना विचारा कुठं उभं राहायचं आहे. कुणी चुलीपाशी म्हणेल, कुणी गोठ्यापाशी, कुणी दूर कुठंतरी बोट दाखवील. घाई असेल, मुहूर्त जवळ आला असेल, तरी जा. आणि ‘जेवणं होऊ द्या, मग काढू’ असं मात्र म्हणू नका.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)